दिवस गेलेत, थकवा यायचाच!

परवा शनिवारी सकाळी धाकट्या जावेला घेऊन मंडईत गेले होते. तिला आता पाचवा महिना लागलाय. आतल्या गाळ्यांवरून कांदे-बटाटे घेतले, मनोऱ्याला वळसा घालून बाहेर पालेभाज्यांकडे आलो, तर ही बाई एका रिकाम्या खोक्यावर मटकन बसली.

"काय गं, चक्कर येतेय का?"

"छे हो वहिनी. दमायला होतंय नुसतं. दिवस गेलेत, थकवा यायचाच!"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल, किंवा कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. आई म्हणते, सासूबाई म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात. खोटं आहे असंही नाही. पण याच वाक्यामागे मी दहा वर्षांपूर्वी लपले होते आणि ते मला चांगलंच महागात पडलं होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही, बरं का. मराठी घेऊन बी.ए. झालेली, दुपारच्या शाळेत तीन तास शिकवणारी आणि उरलेल्या वेळात घर सांभाळणारी बाई आहे. जे सोसलं, डॉक्टरांना विचारलं आणि मागाहून वाचलं, तेवढंच सांगते.

आमचं बिऱ्हाड मंडईपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभा. पहिलटकरीण असताना सहाव्या महिन्यात तो जिना मी दोन दमांत चढू लागले, सातव्यात चार दमांत. छातीत धडधड व्हायची. फळ्यावर लिहिता लिहिता हात गळून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत पाण्याच्या घागरी चढवल्या. हल्लीच्या मुलींना सवय नाही." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही.

आणखी एक गंमत होती. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटत होती. मला पाटीवरच्या पेन्सिली खायचे डोहाळे लागले होते! शाळेच्या कपाटात जुना पुडा होता, त्यातली एक काढायची आणि मधल्या सुट्टीत कुरुकुरु चावायची. घरात सगळ्यांना ठाऊक झालं. डोहाळजेवणाच्या दिवशी मैत्रिणींनी हसत हसत पेन्सिलींचा नवा पुडा ओटीत घातला. फोटोसुद्धा आहे. फुलांची वाडी भरलेली मी, मांडीवर नारळ आणि पेन्सिलींचा पुडा. आज तो फोटो पाहिला की माझ्या चेहऱ्याच्या रंगाकडे आधी लक्ष जातं. मोगऱ्यात आणि माझ्यात फारसा फरक नाही.

माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही सतत खावंसं वाटणं ही पुष्कळदा शरीरात लोह कमी असल्याची खूण असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे डोहाळे म्हटले की ते पुरवायचे, एवढंच ठाऊक!

आता माझी चूक सांगते. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आठ दिवस घेतल्या. मळमळ व्हायची, पोट जड व्हायचं, शौचाला काळं व्हायला लागलं तशी घाबरले. गोळ्यांची पाकिटं फडताळात डाळीच्या डब्यामागे गेली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हटलं, "हो." शाळेत मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला देणारी मी! रक्त मात्र मधल्या काळात पुन्हा तपासलं गेलं नाही. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आठवा महिना लागला होता. मंडईत चाकवताची जुडी घ्यायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पालेभाजीवाल्या मावशींनी हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. मग सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून पाहिली. "पोरी, तुझ्या अंगात रगात हाय का न्हाई? आज भाजी ऱ्हाऊ दे, डाक्टरकडं जा." त्या मावशी कुठल्या शाळेत शिकल्या होत्या कोण जाणे! रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.१.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. गोळ्यांनी रक्त भरायला वेळच उरला नव्हता. शिरेतून लोहाची औषधं दिली. आकडा थोडा वर आला, तोवर तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. बाळंतपणात रक्त थोडं जास्त गेलं. दुसरी एखादी ते सोसून गेली असती, पण माझ्याजवळ शिल्लकच नव्हती. रात्री दोन वाजता हे रक्तपेढीकडे धावले. दोन पिशव्या चढवल्या. लेक दोन किलो शंभर ग्रॅमची. पाच दिवस काचेच्या पेटीत होती, मी तिला हातात घेऊ शकले नाही. आज ती चौथीत आहे आणि खो-खोत कुणाला ऐकत नाही. पण ते पाच दिवस अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत.

आता हे असं का होतं ते पाहू. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. पण त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. सांबार वाढवायला पाणी घातलं, डाळ मात्र तेवढीच, तसं काहीसं. म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविक धरतात आणि एरवी बाईला १२ ची मर्यादा असते, ती गरोदरपणी ११ मानतात. त्याखाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गंभीर. संपूर्ण गरोदरपणात बाईला साधारण एक ग्रॅम लोह जास्तीचं लागतं. एक ग्रॅम! सोनाराकडे एक ग्रॅमची अंगठी आपण "नाजूक आहे" म्हणून बाजूला ठेवतो. पण पोटात गेलेल्या लोहातला अगदी थोडा भाग अंगी लागतो आणि बहुतेक जणी दिवस राहतात तेव्हाच रित्या असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायकांपैकी ५२ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. सगळ्याच दमलेल्या दिसतात म्हणून दमणं स्वाभाविक वाटतं, असं तर नसेल ना?

या विषयावर वाचताना मला एक गोष्ट सापडली. ती आपल्या मुंबईतली आहे आणि पालेभाजीशी तिचं नातं आहे, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि त्यातल्या कितीतरी दगावत. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लूसीबाईंना संशय आला तो जेवणाचा. त्या या बायकांच्या घरी काय शिजतं ते पाहू लागल्या. खाण्यात भाज्या, फळं, दूध जवळजवळ नाहीच. मग उंदीर आणि माकडं यांना तसंच अन्न देऊन प्रयोग केले. आजारी पडलेलं एक माकड कशाने बरं व्हावं? मार्माइटने! पावाला लावायचा तो यीस्टचा काळा, खारट अर्क. तोच बायकांना देऊन पाहिला आणि त्या सुधारू लागल्या. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं.

त्या अर्कात नेमकं काय होतं हे मात्र तेव्हा कुणाला उलगडलं नव्हतं. पुढे दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून ते द्रव्य वेगळं काढलं. पानातून मिळालं म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव ठेवलं, फोलिक ॲसिड. आज दिवस राहण्याच्या आधीपासून आणि पहिले तीन महिने डॉक्टर जी छोटी गोळी देतात, ती हीच. त्या गोळीने बाळाच्या पाठीच्या कण्यातला आणि मेंदूतला जन्मजात दोष बराच टळतो. गिरणीतल्या त्या बायकांना हे कुठून ठाऊक असणार!

दुसरी गोष्ट तर पुण्याच्या अगदी जवळची. १९९३ साली केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती राबतात आणि त्यांची बाळं केवढी होतात, हे सारं मोजलं. बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि बाळांचं सुमारे २.६ ते २.७ किलो. नुसतं किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात आणि दूध घेत, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. ज्या शेतात राबत, पाणी वाहत, त्यांची बाळं लहान होती. आता अमुक जुड्यांना तमुक ग्रॅम असा हिशेब कुणी मांडू नये, तसा तो नाही. पण हे वाचल्यापासून सासूबाईंच्या त्या घागरींची आठवण झाली की मला वेगळंच वाटतं. त्यांची दोन बाळं आठवडाभरही जगली नव्हती. हे त्यांनी मला एकदाच, गौरीच्या दिवशी, भाजी निवडताना सांगितलं होतं.

याच अभ्यासातली आणखी एक बाब आपल्यासारख्या शाकाहारी घरांनी नीट ऐकावी. तपासलेल्या बायकांपैकी तिघींत साधारण दोघींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट. आणि बी-१२ कोणत्याही पालेभाजीत नसतं! मंडई कितीही पालथी घाला. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. तेव्हा अंडंही न खाणाऱ्या बाईने दूध-ताक टाळू नये आणि बी-१२ तपासून घ्यायचं का, गोळी हवी का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावं.

आता स्वयंपाकघरात येऊ. तिथे आपलं राज्य!

मंडईत मेथी, शेपू, चाकवत, चुका, अंबाडी, माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला असं सगळं मिळतं. पालकाचंच कौतुक कशाला? त्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही. आलटून पालटून घ्या. भाजी आधी धुवा, मग चिरा. उकडून पाणी फेकू नका, फोलिक ॲसिड त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. जेवणात लिंबाची फोड, आवळा नाहीतर जेवणानंतर पेरू असला तर भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. मोड आलेली मटकी, हरभरे आहेतच. लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. आमटीला काळपट रंग येतो म्हणून आमच्याकडे पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग सगळे गप्प बसले.

बीट आणि डाळिंब यांच्याबद्दल माझा एक राग आहे. लाल दिसतात म्हणून रक्त वाढवतात, ही समजूत! चांगलेच आहेत, खा. पण लोह त्यांत बेताचंच असतं. माझ्या आठव्या महिन्यात घरात रोज बिटाची कोशिंबीर होत होती आणि गोळ्या डाळीच्या डब्यामागे होत्या. गूळ-शेंगदाणे, खजूर यांचंही तसंच. खाऊ म्हणून उत्तम, पण उतरलेलं रक्त भरून काढायची ताकद त्यांत नाही. एकदा ९ वर, ८ वर गेलेलं रक्त नुसत्या भाजीने वेळेत भरत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

आणि चहा! जेवणाला लागून चहा घेतला तर लोहाचं शोषण चांगलंच कमी होतं. आपण मात्र सगळ्यांची पानं उचलून, ओटा पुसून, "चला, आता घोटभर चहा" म्हणून त्याच वेळी बसतो. चहा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, माझ्याच्याने सुटलेला नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

लोहाच्या गोळीबद्दल भीती फार. पोर काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, असं काहीबाही ऐकू येतं. दोन्हींत तथ्य नाही. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, घाबरू नका. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लाल गोळी फुकट मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात, आपण नाही. दुधाबरोबर, चहाबरोबर घ्यायची नाही. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत निदान दोन तास जाऊ द्यायचे. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन पाहा. तरीही सोसवत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते गोळी बदलून देतात किंवा शिरेतून लोह देतात. माझ्यासारखं "हो, चालू आहेत" म्हणू नका!

गोळ्या नेमाने घेऊनही महिन्याभरात आकडा हलला नाही, तर नुसती गोळीची कंपनी बदलून भागत नाही. पोटात जंत असतील, बी-१२ कमी असेल, किंवा थॅलेसेमियासारखा रक्तातला जन्माचाच दोष अंगी असेल. त्याची तपासणी वेगळी असते. तसा दोष निघाला तर यजमानांचंही रक्त तपासायला सांगतात. त्यात कुणी मानापमान आणू नये, प्रश्न बाळाचा असतो.

दर थकवा रक्ताचाच असतो असंही नाही. थायरॉइड असू शकतं, साखर असू शकते. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर पथ्य-उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमाराला करतात. घरात कुणाला मधुमेह नाही म्हणून टाळू नका.

एका गोष्टीत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. संध्याकाळी पावलं थोडी सुजतात, ते बहुतेकींना होतं. पण चेहरा आणि हात सुजले, बांगड्या घट्ट झाल्या, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखायला लागलं, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. पाचव्या महिन्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब आणि हे त्रास म्हणजे आईच्या आणि बाळाच्या जिवाशी गाठ. झटके येऊ शकतात. बाम चोळून, "उद्या पाहू" म्हणून झोपू नका. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, हेही त्यातलंच. रात्र असेल तर १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्सला पैसे पडत नाहीत.

खर्चाच्या भीतीने तपासणी लांबवणाऱ्या बायका माझ्या माहितीत आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत करतात, डॉक्टर रक्तदाब पाहतात, रक्त-लघवी तपासतात. आमच्या कामवाल्या ताईंना मीच घेऊन गेले होते. रांग होती, पण काम नीट झालं.

हे सगळं त्या शनिवारी माझ्या डोक्यात एकदम आलं. जाऊ खोक्यावर बसली होती. मावशी आता खूप थकल्या आहेत, गाळ्यावर त्यांची सून बसते. मंडईला मेट्रोचं स्टेशन झालं तरी त्यांची जागा तीच. मी जावेच्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "काय गं, काही वेगळं खावंसं वाटतं का? माती, खडू?"

ती लाजली. "माती नाही हो. पण रात्री सगळे झोपले की फ्रीजमधला बर्फ चावते मी. ट्रे रिकामा होतो. आईंना सांगू नका."

भाजी तिथेच मावशींच्या सुनेपाशी ठेवली आणि तशीच तिला रक्त तपासायला घेऊन गेले. दुपारी रिपोर्ट आला. ८.८. पाकीट तिच्याही कपाटात होतं, दहातल्या तीनच गोळ्या गेलेल्या. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, दिवसाला दोन सांगितल्या, जंताचं औषध दिलं आणि चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने मीच लिहिली आहे.

सासूबाईंना बर्फाचं मी काही बोलले नाही. पण रात्री त्यांनी तिचं पान पहिल्या पंगतीत, दिरांच्या शेजारी मांडलं आणि ताटात लिंबाची मोठी फोड वाढली. मागाहून घोटभर चहा करायला मी उठले, तर म्हणाल्या, "तिला आत्ता देऊ नकोस. तास होऊ दे."